नोंदीत नसलेला रविवार

या धाग्यावरचे अनुभव मी आजवर वाचले ते फक्त चुका काढायला. कुणाला खोलीत अचानक गार वाटलं की मी मनात म्हणणार, आधी खिडकी बघ. कुणाला जिन्यात कोणी दिसलं की चष्म्याचा नंबर तपास. बायको म्हणते, एवढं हसू येतं तर वाचतोस कशाला... तर असा मी. व्यवसायाने मेकॅनिकल इंजिनियर, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला. म्हणजे दिवसभर लोकांना "कागद दाखवा" म्हणणारा माणूस. देवाला हात जोडतो, तेही आई समोर असेल तरच. आता मीच लिहायला बसलोय आणि माझ्यासारखाच कोणीतरी खाली "खिडकी तपासा" असं लिहिणार हे मला माहीत आहे. लिहा. माझं सगळं तपासून झालेलं आहे.

गोष्ट २०१५ च्या आसपासची. आम्ही जर्मनीत एर्लांगेनला राहतो. शहरातून गाडीने अर्धा तास वायव्येला गेलं की आइशग्रुंड लागतं. बुटक्या टेकड्या, मक्याची शेतं आणि त्यांच्यामधे कार्प माशांची तळी, एकाला लागून एक. त्या भागात आमच्या फेराइनचं, म्हणजे क्लबचं, गवताची धावपट्टी असलेलं छोटंसं विमानतळ आहे. एक हँगर, रेडिओची एक खोली आणि वीकेंडला उघडणारं केक-कॉफीचं कँटीन, एवढाच पसारा. तिथे मी अल्ट्रालाइट विमान चालवायला शिकलो. दोघंजण खांद्याला खांदा लावून बसतात असं हलकं विमान, पुण्यातली रिक्षा त्यापेक्षा ऐसपैस. मग हौस वाढत गेली आणि मी तिथलाच इन्स्ट्रक्टर झालो. बिनपगारी, शनिवार-रविवार.

लोकांना वाटतं इन्स्ट्रक्टर म्हणजे नुसतं आकाशात हिंडायचं. अर्धं काम कागदाचं असतं. प्रत्येक उड्डाणानंतर काय शिकवलं, किती वेळ, कुठे उतरलो ते लिहायचं, त्याखाली विद्यार्थ्याची सही आणि माझी. विद्यार्थ्याला एकट्याने सोडायच्या आधी वेगळी सही, की याला मी हे हे शिकवलेलं आहे. आणि तो एकटा दुसऱ्या विमानतळावर जाणार असेल तर त्या दिवसापुरता लेखी आदेश, त्याला फ्लूगआउफ्ट्राग म्हणतात. या सगळ्याच्या प्रती वर्षानुवर्षं सांभाळून ठेवायच्या. आमच्यातले बाकीचे इन्स्ट्रक्टर पावसाळी रविवारी बसून महिन्याभराचं एकदम भरायचे. मी इंजिन गार व्हायच्या आत भरायचो. क्लबात यावरून माझी भरपूर थट्टा व्हायची आणि मला ती आवडायची, खोटं कशाला बोलू. माझ्या लेखी जे उड्डाण लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही.

मृदुला माझी विद्यार्थिनी. माहेरची साताऱ्याची, सासर सांगलीचं, एर्लांगेनला पीएचडी करत होती. नवरा सौरभ वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये, तो वीकेंडला यायचा. आमच्या मंडळाच्या संक्रांतीला तिने मला गाठलं, "दादा, तुम्ही विमान शिकवता ना? मला शिकवा." मी सगळ्यांना घाबरवतो तसं तिलाही घाबरवून पाहिलं. दुसऱ्या शनिवारी ही हजर! आधी बस, मग बसस्टॉपपासून सायकल. हात चांगला होता पोरीचा, आणि मुख्य म्हणजे ऐकायची. इंजिन बंद पडलं तर काय, हे मी तिच्याकडून घोटून घेतलं होतं. इंजिन मंद करायचं, शेत निवडायचं, त्याच्यावर पार खाली जायचं आणि टेकायच्या आधी पुन्हा पॉवर देऊन वर यायचं. नियमात आहे त्यापेक्षा जास्तच वेळा. प्रत्येकाची नोंद होती.

त्या दिवशी ती पहिल्यांदा एकटी लांब जाणार होती. उत्तरेकडच्या एका छोट्या विमानतळावर उतरायचं, तिथला शिक्का घ्यायचा आणि परत. गणपती नुकतेच गेले होते, सप्टेंबरअखेरची स्वच्छ सकाळ. मी हवामान पाहिलं, तिचा नकाशा पाहिला, तिला उलटसुलट प्रश्न विचारले आणि आदेशावर सही केली. "दादा, आई कँटीनमध्ये बसल्यात," ती सीटबेल्ट लावता लावता म्हणाली. आई म्हणजे तिच्या सासूबाई, सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. मी त्यांना तोवर कधी भेटलेलो नव्हतो. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा.

विमान वर गेलं आणि मी कँटीनकडे आलो. बाहेरच्या बाकावर नऊवारी नव्हे, पंजाबी ड्रेस, वरून सुनेचं जाड जॅकेट आणि डोक्याला स्कार्फ अशा काकू बसलेल्या. मला बघून उठल्याच.

"अहो अविनाशराव! तुम्ही इथं? मग तिच्याबरोबर कोण आहे?"

"नमस्कार काकू. कोणी नाही. आज ती एकटी."

"एकटी?" त्यांनी वर पाहिलं. "मागच्या खेपेला तर तुम्ही शेजारी बसला होतात. म्हणून तर मी निर्धास्त होते."

मला वाटलं, मृदुलाने काहीतरी फोटो दाखवले असतील. मी त्यांना समजावलं की शिकण्याचा हा टप्पाच असा असतो, काळजी करू नका. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण त्यांनी पिशवीतून डबा काढला. धपाटे आणि चटणी.

"घ्या. आज चटणीत दाणे नाहीत. मागल्या वेळी दाण्यामुळं हातच लावला नाहीत ना तुम्ही. सांगलीच्या बाईला बिनदाण्याची चटणी करायला लावलीत, बघा."

मला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, लहानपणापासून. मृदुलाने सांगितलं असेल, एवढंच मनात आलं. मी दोन धपाटे खाल्ले. तेवढ्यात मृदुलाचा मेसेजही आला, "उतरले. शिक्का घेतला. दुपारी जेवून निघते परत." काकूंना वाचून दाखवला. त्या हसल्या. पुढे कित्येक तास मी त्यांना हसताना पाहिलं नाही.

दुपार कलायला लागली तसा पश्चिमेकडून करडा पट्टा पुढे सरकताना दिसला. अंदाजात तो संध्याकाळी येणार होता. रेडिओच्या खोलीत राइनहोल्ड होता. आमचा फ्लूगलायटर, म्हणजे रेडिओवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांवर लक्ष ठेवणारा. सत्तरीचा, कमी बोलणारा, क्लबच्या ट्रेनिंगचा प्रमुखही तोच. मी आत गेलो तेव्हा तो पलीकडच्या विमानतळाला फोन करत होता. फोन ठेवून तो म्हणाला, "हे बघ... ती तिथून केव्हाच निघाली आहे. इथे पोचायला हवी होती."

आम्ही रेडिओवर हाका मारायला लागलो. आधी त्याने, मग मी, आधी जर्मनमध्ये, रीतसर, विमानाचं नाव घेऊन. मग मला राहवेना. "मृदुला, ऐकतेस का? बोल गं. नुसतं बटण दाब." फक्त खरखर. मोबाइल थेट मेलबॉक्सवर. वाटेतल्या सगळ्या धावपट्ट्यांना फोन केले, कुठेही उतरलेली नाही. तोवर ढग एवढे खाली आले होते की समोरची टेकडी अर्धी दिसेनाशी झाली. राइनहोल्डने इमर्जन्सीचा ११२ नंबर लावला.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांना जर्मन येत नव्हतं, पण माणसाचं तोंड वाचायला भाषा लागत नाही.

"अविनाशराव, पेट्रोल किती वेळ पुरतं हो त्यात?"

"पुरतं काकू. बराच वेळ पुरतं."

पेट्रोल संपायची वेळ होऊन गेलेली होती. मी त्यांच्याकडे न बघता बोललो. सौरभला फोन मीच केला. तो वाल्डॉर्फला, वीकेंडचं काम निघालं म्हणून थांबलेला. "निघतो" एवढंच म्हणाला.

पोलीस आले. एक तरुण बाई आणि एक पुरुष. पहिला प्रश्न, हिला एकटीला जायची परवानगी कोणी दिली? मी म्हणालो, मी. मग कागद. मी फाइल काढून दिली. सगळं होतं — प्रत्येक उड्डाण, प्रत्येक सराव, सकाळचा आदेश, हवामानाची छापील प्रत. ती बाई पानं उलटत गेली आणि म्हणाली, फार व्यवस्थित ठेवलंय तुम्ही. बहुधा मला धीर द्यायला म्हणाली असेल. कागद चोख होते आणि पोर गायब होती. मी हँगरच्या मागे जाऊन उभा राहिलो. माझ्या सहीवर ती वर गेली होती. मी "नाही" म्हटलं असतं तर ती आत्ता कँटीनमध्ये सासूबरोबर केक खात बसली असती. हेच एक वाक्य डोक्यात गरगर फिरत होतं. त्या दिवशी मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहिणार नाही. आईसमोर जोडतो तसे ते हात नव्हते.

उजेड अजून पुरता गेला नव्हता तेव्हा फोन आला. फायर ब्रिगेडच्या लोकांना सापडली होती. जिवंत. राइनहोल्डने "जिवंत" हा शब्द दोनदा म्हटला, दुसऱ्यांदा माझ्या दंडाला धरून. मी काकूंना सांगितलं आणि त्या पिशवी उचलून दाराकडे निघाल्या.

आम्ही तिघं राइनहोल्डच्या गाडीतून गेलो. जागा विमानतळापासून काही फार लांब नव्हती, पण कुठल्याच रस्त्यावरून दिसणारी नव्हती. चहूकडे तळी आणि त्यांचे बांध. एका बांधापलीकडे चढावर कापणी झालेल्या शेताची अरुंद पट्टी, तिच्या टोकाला कुंपणात नाक खुपसून आमचं विमान. मृदुला अँब्युलन्सच्या स्ट्रेचरवर, मनगट मोडलेलं, कपाळाला पट्टी, मोबाइलचा चुरा झालेला. काकूंनी तिचं डोकं छातीशी धरलं आणि दोघी रडायला लागल्या. मग तिने मला पाहिलं.

"दादा, तळंच होतं ते! तुम्ही सांगितलंत अगदी तस्संच. मी वळलेच होते हो तिकडे... मग आठवलं."

"कुठलं तळं?"

तिने चांगल्या हाताने बांधाच्या अलीकडे बोट केलं. तिथे हिरवंगार, सपाट, लांबरुंद मैदान होतं. ना तारा, ना गुरं, ना झाड. मी विमानातून खाली बघताना मनात आखतो, नेमकं तसं. त्याच्या शेजारच्या त्या चिंचोळ्या, चढत्या पट्टीवर कोण उतरवेल? मी तिला नंतर बोलू म्हटलं आणि त्या हिरवळीकडे चालत गेलो. दुसरं पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. वरती हिरवी साय आणि खाली नुसता चिखल. राइनहोल्डने आणि एका फायरमनने मला ओढून काढलं, बूट आतच राहिला. फायरमन म्हणाला, हे तळं यंदा मालकाने पाणी सोडून कोरडं ठेवलं होतं, काही वर्षांनी एकदा ठेवतात, त्यावर हे सगळं उगवतं. आणि आठवडाभर पाऊस झालेला. चाक टेकलं असतं तर विमान त्याच क्षणी उलटं झालं असतं, आणि चिखलात उलट्या पडलेल्या विमानातून कोणी बाहेर येत नाही.

मला हे माहीत नव्हतं. तिथेच राहून, त्याच भागावरून शेकडो वेळा उडून मला माहीत नव्हतं. भरलेली तळी मी ओळखायचो, चमकतात ती. असं वाळवलेलं, हिरवं झालेलं तळं मी एकदाही तळं म्हणून पाहिलं नव्हतं. मी विमानात असतो तर डोळे झाकून तिथेच उतरवलं असतं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तिने सगळं सांगितलं. परतताना ढग खाली येत गेले, ती त्यांच्याखालून खाली खाली आली, वाट वाकडी केली. दमट हवेत इंजिन खोकायला लागलं आणि बंद पडलं. अशा विमानांना अख्खं विमान खाली आणणारं पॅराशूट असतं, पण ती एवढी खाली होती की त्याचाही भरवसा नव्हता. समोर ती हिरवळ. "मी तिच्यावर वळले, दादा. आणि मग तुमचं वाक्य आठवलं, हिरवं दिसलं की हुरळू नकोस. आधी बांध बघ. चारी बाजूंनी बांध असेल तर ते शेत नाही, पाणी सोडलेलं तळं आहे. बांधापलीकडे चढावर उतर, चढ गाडी थांबवतो."

"मी हे कधी म्हणालो?"

ती हसली. "म्हणजे काय? गणपतीच्या आधीच्या रविवारी! आई पण होत्या की. आपण याच तळ्यावरून दोनदा फिरलो. तुम्ही म्हणालात, हे यंदा रिकामं आहे, नीट बघून ठेव."

खुर्चीवर काकू होत्या. त्यांनी मान हलवली. "होय की. मी बाकावर बसले होते. चटणीला हात नाही लावलात तुम्ही."

गणपतीच्या आधीच्या रविवारी मी कोलोनला होतो. मित्राच्या मुलीचं बारसं होतं, बायको-मुलं सगळे गेलो होतो, पाळण्याची दोरी धरलेले माझे फोटो आहेत. जेवणानंतर मी त्यांच्या सोफ्यावर असा झोपलो की सगळे हसत होते. त्या झोपेत काही स्वप्न पडल्याचंही मला आठवत नाही. इकडे आमच्या भागात त्या दिवशी धो धो पाऊस. राइनहोल्डला विचारलं, तो म्हणाला मैदान बंद होतं, कोणीच आलं नव्हतं, तो स्वतःही घरी टीव्ही बघत होता. आणि आमचं ते एकुलतं एक ट्रेनिंगचं विमान तपासणीसाठी दुसऱ्या गावच्या वर्कशॉपमध्ये, प्रोपेलर काढून ठेवलेलं. मी वर्कशॉपला फोन करून खात्री केली. इंजिन किती चाललं ते दाखवणाऱ्या मीटरवरही एका मिनिटाचा फरक नव्हता.

"हुरळू नकोस" हा मात्र माझाच शब्द. जर्मन विद्यार्थ्यांसमोरसुद्धा तोंडातून निघून जातो. आणि माझ्या अॅलर्जीबद्दल मृदुलाला काहीच माहीत नव्हतं. तिला ते सासूबाईंकडून कळलं.

इथवर फक्त विचित्र होतं. पुढे जे झालं ते मला जास्त जड गेलं. मृदुलाने पोलिसांना जबाबातही हेच सांगितलं होतं — माझ्या इन्स्ट्रक्टरने मला ती जागा अमुक रविवारी विमानातून दाखवली होती. तपास करणाऱ्या ऑफिसचं पत्र आलं, त्या उड्डाणाची नोंद पाठवा. नोंद कुठली पाठवणार? आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर मी न लिहिता उड्डाण केलं होतं, नाहीतर ती खोटं बोलत होती.

राइनहोल्डने मला बाजूला घेतलं. आयुष्यात नियम न मोडलेला माणूस, पण म्हणाला, "अविनाश, दुसऱ्या एखाद्या तारखेच्या सरावात एक ओळ वाढव. तळी दाखवली, एवढंच. तुझंही भलं, तिचंही. कोणाला कळणार आहे?" मी पेन घेऊन बसलोही. फाइल उघडली. तिला आधीच सगळे सौम्यपणे विचारायला लागले होते की तुझ्या डोक्याला किती मार लागलाय, झोप लागते का. एका ओळीने ते थांबलं असतं. पण मी काय लिहिणार होतो? की मी तिला ते शिकवलं, जे मला माहीतच नव्हतं?

त्या संध्याकाळी काकू आमच्या घरी आल्या, सौरभबरोबर. चहाला नको म्हणाल्या.

"लिहा हो. काय जातं तुमचं? पोरगी खोटं बोलत नाही. मी होते तिथं."

"काकू, मी तिथे नव्हतो."

"मग मी कुणाशी बोलले?" त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "अहो, तिला आता वेड्यात काढायला लागलेत. माझा लेकसुद्धा. हा बघा, मान खाली घालून बसलाय. म्हणतो, आई, तुम्हा दोघींना भास झाला असेल. दोघींना एकच भास होतो होय? तुम्ही एकदा लिहिलंत की सगळी गप्प बसतील. पाया पडू का तुमच्या?"

त्या खरंच वाकायला लागल्या. मी त्यांचे हात धरले आणि मलाच रडू कोसळलं, बायको-मुलांसमोर. मी म्हणालो, काकू, तुम्ही म्हणाल ते करीन, पण हे नाही. मी एक ओळ खोटी लिहिली तर बाकीच्या सगळ्या ओळी खोट्या होतील. ती जे जे खरंच शिकलीय तेही. त्यांना हे कळलं की नाही माहीत नाही. त्या उठल्या आणि सौरभच्या हाताला धरून निघून गेल्या.

मी तपासाच्या ऑफिसला उत्तर पाठवलं की असं उड्डाण झालेलं नाही, ही गोष्ट मी शिकवलेली नाही. ते जे काही होतं ते "धक्क्यामुळे झालेला आठवणींचा गोंधळ" या शब्दांत मिटलं. कोणावर कारवाई झाली नाही. काकू आल्या तशा परत गेल्या. मृदुलाने मला एकच फोन केला. चिडली नव्हती, ते जास्त वाईट. म्हणाली, "दादा, मी जिवंत आहे ना? मग मला ते कोणीतरी शिकवलंच असेल की." पुढे तिने दुसऱ्या क्लबात लायसन्स पूर्ण केलं असं ऐकलं. आमच्याकडे येणं बंद झालं. मीही त्या वर्षानंतर कोणाला एकट्याने सोडायची सही केलेली नाही. दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडे पाठवतो. कारण सांगत नाही.

मी स्वतःला बरीच स्पष्टीकरणं दिली. तिने कुठेतरी वाचलं असेल, कुणाकडून ऐकलं असेल आणि डोक्यात माझ्या तोंडी बसवलं असेल. ठीक. मग काकूंचं काय? त्या माझ्याकडे पहिल्याच भेटीत नाव घेऊन आल्या, अपघात व्हायच्या आधी. धक्का तेव्हा कुणालाच बसला नव्हता. इथे येऊन माझी सगळी क्वालिटी संपते. रात्री जाग आली की मला भुताची भीती वाटत नाही. भीती याची वाटते की मी जेवढं शिकवलं होतं तेवढ्यावर ती मेली असती. माझ्या सगळ्या चोख नोंदींसकट.

दोनेक वर्षांनी सांगलीहून फोन आला. अनोळखी नंबर, सकाळची वेळ, मी ऑफिसला निघालो होतो. काकू होत्या. आवाज अगदी खोल गेलेला. दुसऱ्या दिवशी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि डॉक्टर फारसं काही बोलत नाहीत म्हणाल्या. मी काय बोलणार, सगळं नीट होईल वगैरे म्हणत राहिलो. त्यांनी मला थांबवलं.

"लिहू नका तुम्ही. मला कागद नको. फक्त मला सांगा. त्या रविवारी तुम्ही होतात ना तिथं? एवढं कळलं की मी निवांत झोपते. मी वेडी नाही एवढंच मला पाहिजे."

मी पार्किंगमध्ये उभा होतो, गाडीची किल्ली हातात. कोलोनचे फोटो माझ्याकडे आहेत. मैदान बंद होतं, विमानाला प्रोपेलर नव्हता. आणि मृदुला जिवंत आहे.

"हो काकू," मी म्हणालो. "होतो मी तिथे."

पलीकडून एक मोठा श्वास ऐकू आला. त्या ऑपरेशनमधून उठल्या नाहीत. मी त्यांना जे सांगितलं ते खोटं होतं की खरं, हे मला अजूनही सांगता येत नाही.